पुस्तकात असं नाहीये!

एखादं खोटं तेवीस वर्षं जपलं की त्याच्यावर माया जडते. माझं खोटं दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, दुसऱ्या कप्प्यात, बायकोच्या रुखवतातल्या मोत्याच्या बदकाशेजारी उभं होतं. जाडजूड, आठशेच्या घरातल्या पानांचं. रॉबर्ट जॉर्डन यांचं ‘द आय ऑफ द वर्ल्ड’. ‘द व्हील ऑफ टाइम’ या कादंबरीमालेचा हा पहिला खंड मी 1998 च्या जुलैत फोर्टातल्या फुटपाथवर घेतला. वाङ्मयाची ओढ वगैरे काही नव्हती. पाऊस कोसळत होता, छत्री ऑफिसात राहिली होती आणि काही घेतल्याशिवाय पुस्तकवाला ताडपत्रीखाली उभं राहू देईना. म्हणून त्यातल्या त्यात जाड पुस्तक घेतलं, स्टेशनपर्यंत डोक्यावर धरता येईल असं.

वाचलं ते पान 61 पर्यंत. पान पक्कं लक्षात आहे, कारण खुणेला घातलेलं लोकलचं तिकीट अजून तिथंच आहे. पण घरी आलेला प्रत्येक पाहुणा शोकेसपुढं थबकून विचारायचा, “बाप रे, हे तुम्ही वाचलंत?” आणि मी म्हणायचो, “हं.” आता ‘हं’ म्हणजे काही ‘हो’ नाही. कोर्टात उभं केलं तरी मी सुटलो असतो.

पण 2018 साली पुतण्या इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडं डोंबिवलीला राहायला आला. पहिल्याच सेमिस्टरला अभ्यास टाळण्याच्या नादात त्यानं शोकेसमधलं ते पुस्तक काढलं आणि पाच दिवसांत संपवलं. सहाव्या दिवशी डोळे लाल करून माझ्यापुढं उभा.

“काका, पुढचे तेरा खंड कुठं ठेवलेत?”

तेरा! मला वाटलं होतं, फार तर दोन असतील.

“मित्रांनी नेले,” मी म्हणालो. मराठी घरात याच्यापुढं चौकशी होत नाही. पुस्तक नेलेला मित्र आणि परत न आलेलं पुस्तक याबद्दल आपल्या समाजात पूर्ण सहानुभूती आहे.

त्यानं उरलेले खंड कुठून कुठून मिळवले आणि दर खंडाच्या शेवटी तो माझ्याशी चर्चेला बसू लागला. अशा चर्चेसाठी तीन वाक्यं पुरतात. “इथं लेखकानं कमाल केलीय.” “हे पहिल्या वाचनात लक्षात येत नाही.” आणि फारच अडचण झाली तर, “तुला काय वाटतं?” या तीन वाक्यांवर मी चौदा खंड, 40 लाखांहून जास्त शब्द आणि सुमारे तीन वर्षं काढली. चर्चेतून मला एवढं कळलं की खुद्द जॉर्डन यांनाही ही माला पुरी करता आली नव्हती. बारावा खंड शेवटचा असं त्यांनी ठरवलं होतं, पण 2007 साली ते गेले. मग ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकानं त्यांच्या टिपणांवरून उरलेला मजकूर लिहायला घेतला, तर त्या एका खंडाचे तीन झाले. शेवटचा आला 2013 मध्ये. हे ऐकून मला फार बरं वाटलं. जे लिहिणाऱ्याला एका जन्मात झेपलं नाही, ते वाचणाऱ्याला झेपावं ही अपेक्षाच चूक आहे.

आणि मग 19 नोव्हेंबर 2021 उजाडला. त्या शुक्रवारी या कादंबऱ्यांवरची मालिका प्राइम व्हिडिओवर येणार होती. पहिले तीन भाग एकदम, पुढं दर शुक्रवारी एक. पुतण्यानं घरात आचारसंहिता लावली. मोबाइल बंद. कुकर आधीच लावून घ्यायचा. मध्येच ‘हा कोण?’ विचारायचं नाही. काकांच्या शेजारची जागा त्याची, कारण घरात ‘वाचलेले’ आम्ही दोघंच.

बाकीचे प्रेक्षक म्हणजे माझी आई, वय अठ्ठ्याहत्तर, मांडीवर कापूस घेऊन वाती वळत. बायको, हातात कोथिंबिरीची जुडी. आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअरसाहेब. साहेबांची हयात पाटबंधारे खात्यात गेली होती आणि त्या वेळी त्यांच्या घरचा टीव्ही त्यांच्या बायकोच्या ताब्यात असायचा.

पहिली ठिणगी भाषेवरून पडली. पुतण्याला इंग्रजीच हवं होतं, खाली सबटायटल लावून.

“मला वाचायला लावू नकोस हं,” आई म्हणाली. “मी काय परीक्षेला बसलेय?”

शेवटी हिंदीत लावलं. पुतण्याचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या मुंजीत कुणी बँड लावला.

मालिका सुरू झाली. एका मुलीची बायकांनी वेणी घातली, काहीबाही गंभीर बोलल्या आणि तिला उंच कड्यावरून खाली नदीत ढकलून दिलं.

“अगं बाई,” आई म्हणाली. “वेणी घालून ढकलून देतात? आमच्या वेळी नुसतं लग्न करून द्यायचे.”

“एवढ्या उंचीवर साधा कठडा नाही,” इंजिनिअरसाहेब म्हणाले.

“हे मेंढरं राखतात ना?” बायको म्हणाली. “मग एकाच्याही स्वेटरला लोकरीचं तूस नाही ते? सगळे आत्ताच इस्त्री करून आल्यासारखे दिसतायत.”

पुतण्यानं पॉज केलं. “कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं.”

“आम्ही विचारत नाही आहोत,” बायको म्हणाली. “सांगतोय.”

पुढं ती जादूगार बाई, मॉरेन तिचं नाव, गावच्या खाणावळीत उतरली आणि आंघोळीला टबात बसली. तेवढ्यात तिचा अंगरक्षकही कपडे उतरवून त्याच टबात. आमच्या घरात अशा वेळी जे होतं तेच झालं. मी पंख्याकडं पाहू लागलो. बायको कोथिंबिरीची एकेक काडी मोजून निवडू लागली. पुतण्या रिमोट शोधू लागला, तो त्याच्या हातातच होता. इंजिनिअरसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि घाईनं परत घातला. पाणी नीट गरम नाही अशी अंगरक्षकाची तक्रार होती, तेव्हा बाईनं जादूनं ते गरम केलं. आई एकटी न बिचकता पडद्याकडं बघत होती.

“गिझर नको की काही नको,” ती म्हणाली. “बिल किती वाचत असेल.”

एव्हाना माझी भीड चेपली होती. मी अधूनमधून “बरंच बदललंय”, “पुस्तकात हे जास्त खोल आहे” असं हलक्या आवाजात सोडत होतो. ‘पुस्तकात हे जास्त खोल आहे’ हे वाक्य मला त्याच दिवशी सुचलं. जगातल्या कुठल्याही पुस्तकावरच्या कुठल्याही मालिकेला ते लागू पडतं, लिहून ठेवा. गडबड एवढीच झाली की मला ते फार आवडलं आणि मी ते चौथ्यांदा म्हटलं. पुतण्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. पडद्यावर तेव्हा पेरिन नावाच्या लोहाराची बायको भट्टीपाशी घण मारत होती.

“काका,” तो अगदी गोड आवाजात म्हणाला, “ही पेरिनची बायको. पुस्तकात हिचं पात्र किती सुंदर रंगवलंय ना?”

“फारच,” मी म्हणालो. इथं थांबायला हवं होतं. पण खोटं बोलणाऱ्याला थांबायचं कुठं हे कळत असतं तर तो खोटं बोललाच नसता. “सोशीक बाई. तिचा आणि सासूचा तो प्रसंग आहे ना, तो वाचताना तर...”

पुतण्यानं पॉज केलं.

“काका, पहिल्या खंडात पेरिनचं लग्नच झालेलं नाहीये. ही बाई मालिकावाल्यांनी घुसडलीय.”

खोलीत शांतता पसरली. स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं.

“धरण फुटलं,” इंजिनिअरसाहेब पुटपुटले.

“भूगोलसुद्धा असाच वाचायचा हा,” आई वात वळता वळता म्हणाली. “नकाशा बघून उत्तरं ठोकायचा.”

बायको उठली, शोकेस उघडून पुस्तक काढलं, पान 61 वरचं तिकीट सगळ्यांना दाखवलं आणि परत जागेवर ठेवलं. तिला हे 2003 पासून माहीत होतं. शोकेस पुसायचं काम तिच्याकडं आहे, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

त्याच भागात पुढं अर्धे रानटी जनावर, अर्धे माणूस असे राक्षस गावावर चालून आले आणि त्या धुमश्चक्रीत पेरिनच्या हातून चुकून कुऱ्हाडीचा घाव त्याच्याच बायकोवर बसला. गेली बिचारी.

पुतण्या ताडकन उभा राहिला. “लग्न लावलं ते लावलं, वर विधुर करून टाकला! एकाच एपिसोडमध्ये! पुस्तकात असं नाहीये!”

“एक हळदीकुंकूसुद्धा मिळालं नाही तिला,” बायको हळहळली. मलाही वाईट वाटलं. जिच्यापायी माझी तेवीस वर्षांची अब्रू गेली, ती बाई एक तासही टिकली नाही.

पण त्या रात्रीचा खरा घाव आईनं घातला. मालिकेतलं रहस्य असं: मॉरेन जगाला तारणारा किंवा बुडवणारा एक पुनर्जन्म घेतलेला वीर शोधत असते. तो या खेड्यातल्या तरुण पोरापोरींपैकी एक आहे, पण नेमका कोण ते तिलाही ठाऊक नसतं. करणाऱ्यांनी हे रहस्य आठ भागांच्या सीझनमध्ये सातव्या भागापर्यंत ताणलं होतं. आईनं पहिल्या भागात, अर्धी वात वळून होते न होते तोच सांगून टाकलं.

“तो मेंढरंवाला.”

पुतण्याचा रंग उडाला. “आजी, तुला कुणी सांगितलं?”

“सांगायचंय काय त्यात? आई नाही. बापाच्या तोंडवळ्याचा नाही. गावापासून लांब राहतो, गुरं राखतो आणि उगाच आभाळाकडं बघतो. असा मुलगा साधा असतो होय? गोकुळापासून हेच चाललंय. बघ, तो त्या बापाचा नसणारच. उचलून आणलेला असेल.”

हेही खरं होतं! ज्यासाठी पुतण्यानं आठशे पानं वाचली आणि मालिकावाल्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला, ते आईला कीर्तनं ऐकून फुकटात माहीत होतं.

“शेवट पण सांगू का?” तिनं विचारलं.

“नको!” आम्ही सगळे एकदम ओरडलो.

त्या रात्री झोप येईना तेव्हा मला 1994 साल आठवलं. चाळीतली आमची खोली, दूरदर्शनवरची ‘चंद्रकांता’. क्रूरसिंहाच्या त्या आभाळाला भिडलेल्या भुवया आणि त्याचं ते ‘यक्कू’, जे ऐकून चाळीतली सगळी पोरं आठवडाभर एकमेकांवर ओरडायची. आमच्याकडं मालिका बघायला कोपऱ्यातल्या खोलीतले हिंदीचे गुरुजी येत. देवकीनंदन खत्रींची 1888 ची मूळ कादंबरी त्यांनी वाचली होती आणि मालिका तिच्यापासून पार भरकटली होती. गुरुजी दर पाच मिनिटांनी मांडीवर हात आपटत म्हणायचे, “खत्रीजींनी असं लिहिलेलंच नाही.”

शेवटी एकदा वडील म्हणाले, “गुरुजी, खत्रीजी 1913 सालीच गेले. ते आता काही म्हणणार नाहीत. तुम्ही चहा घ्या.”

गुरुजींनी चहा घेतला, पण पुढच्या आठवड्यात परत आले. परत मांडीवर हात आपटला. ते मालिका बघायला येतच नव्हते, ती चुकते कुठं ते बघायला येत होते. आणि आमचा पुतण्या त्यांच्याच गोत्रातला निघाला.

पुढचे शुक्रवार असेच गेले. पुस्तकात नाइनीव्ह नावाची एक बाई आहे. ती चिडली की स्वतःची वेणी ओढते, आणि ती चौदा खंड चिडलेलीच असते म्हणे. मालिकेत ती वेणी ओढेना. पुतण्या दर भागात तिच्या वेणीकडं डोळे लावून बसायचा आणि शेवटी सुस्कारा टाकायचा, “आजही नाही.” बायकोला त्याची दया येऊन ती एकदा म्हणाली, “अरे, मी ओढून दाखवू का?”

चौथ्या भागात आपली प्रियांका बोस दिसली तेव्हा मात्र घरात एकी झाली. हिरव्या कपड्यातली जादूगार, दिमतीला दोन-दोन अंगरक्षक. “आपली मुलगी!” आई म्हणाली. तिचं आणि त्या दोन अंगरक्षकांचं नेमकं नातं काय, हे हळूहळू ध्यानात आलं तेव्हा सगळ्यांनी परत पंख्याकडं पाहिलं, पण या वेळी जरा अभिमानानं.

एकदा पुतण्यानं त्याच्या मते सर्वांत भयंकर गोष्ट सांगितली. याच कादंबरीवरचा एक भाग 2015 साली अमेरिकेत एका वाहिनीनं गुपचूप रात्री दीड वाजता दाखवून टाकला होता. हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून हे केलं, असं बोललं गेलं.

“रात्री दीडला?” इंजिनिअरसाहेब म्हणाले. “म्हणजे आपला टँकर येतो तेव्हा.”

2023 च्या सप्टेंबरात दुसरा सीझन आला. त्यात मॅट नावाच्या पोराचा नटच बदललेला. पुतण्या हादरला. त्याच्या मते दोन्ही नटांच्या हनुवट्यांचा काही म्हणजे काही मेळ नव्हता. आईनं चष्मासुद्धा सरसावला नाही. “बदलला असेल,” म्हणाली. आमच्या संध्याकाळच्या मालिकांमध्ये सून बदलते, सासू बदलते, प्लास्टिक सर्जरी होऊन नवरा बदलतो. तीस वर्षं हे पचवलेल्या बाईला एका मॅटचं काय कौतुक!

मधल्या काळात 2022 साली टॉल्किनच्या लिखाणावरची ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ आली. पुतण्यानं तीही पहिल्या दिवशी लावली आणि पंधराव्या मिनिटाला म्हणाला, “टॉल्किननं असं लिहिलेलंच नाही.” मी निमूटपणे त्याच्यापुढं चहा ठेवला.

असं करत तीन सीझन झाले. या साडेतीन वर्षांत पुतण्यानं त्या मालिकेचं एक दृश्य धड म्हटलं नाही. ‘वाट लावली’ हे शब्द आमच्या घरात शुभंकरोतीसारखे रोज संध्याकाळी ऐकू येत. आणि 2025 च्या मे महिन्यात बातमी आली, की मालिका बंद. गाडी जेमतेम चौथ्या खंडापर्यंत आली होती, दहा खंड शिल्लक.

मला वाटलं, पोरगं पेढे वाटेल. नोकरी लागून तो पुण्याला गेला होता. रात्री साडेअकराला फोन आला. आवाज बसलेला.

“काका, एक लिंक पाठवलीय. मालिका वाचवा म्हणून याचिका आहे. सही करा. काकूला सांगा. आजीच्या नावानं पण करा. इंजिनिअरसाहेबांचा ईमेल आहे का?”

“अरे, पण तूच म्हणत होतास ना, वाट लावली म्हणून?”

“मग?” तो चिडला. “आता दर शुक्रवारी कुणावर चिडू?”

आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. इंजिनिअरसाहेबांनी शेऱ्यात ‘कठडे बसवून काम पुढे चालू ठेवावे’ असं लिहिलं. अद्याप तरी कुणी ते मनावर घेतलेलं नाही.

आईला हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. ती एवढंच म्हणाली, “बंद केली? मग त्या मेंढरंवाल्याचं पुढं काय झालं?”

“तू तर शेवट सांगणार होतीस.”

“शेवट माहितीये रे. मधलं माहीत नाही.”

आता पुतण्या शनिवारी पुण्याहून येतो, जेवणं झाली की शोकेसमधला तो खंड काढतो आणि आजीला मराठीत सांगत बसतो, पहिल्या पानापासून. मीही जवळ पाट घेतो. गेल्या महिन्यात पान 61 आलं आणि गेलं. तिकीट आता मोत्याच्या बदकाखाली ठेवलंय.

परवा तो राक्षसांचा हल्ला सांगत होता. अगदी रंगात आला होता. आईनं मध्येच त्याला थांबवलं.

“हे मालिकेत असं नव्हतं.”

“आजी, मालिकेत चुकीचं होतं. पुस्तकात असंच आहे.”

“आणि त्या लोहाराची बायको? तिचं नाव नाही काढलंस अजून.”

“ती पुस्तकात नाहीच आहे, आजी.”

आईनं वळलेली वात ताटलीत ठेवली. “मग पुस्तक चुकलंय,” ती म्हणाली. “चांगली होती पोर.”

पुतण्यानं आधारासाठी माझ्याकडं पाहिलं. पण या बाबतीत मी पूर्णपणे आईच्या बाजूचा आहे. तिचा आणि सासूचा तो प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो.